अर्ध्या अंशाचा वाद आणि चौदाशे रुपयांचे होकायंत्र

जुळे सोलापुरात आम्ही घेतलेल्या सदनिकेच्या माहितीपत्रकावर ‘पूर्वाभिमुख’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. घर ताब्यात येण्यापूर्वी सासूबाईंच्या आग्रहावरून वास्तूचे दोन जाणकार वेगवेगळ्या दिवशी येऊन गेले. पहिल्यांनी दार पूर्वेचे असल्याचा निर्वाळा दिला, तर दुसऱ्यांनी तितक्याच ठामपणे ते आग्नेयेचे ठरवून देवघर, स्वयंपाकाचा ओटा आणि आमचा पलंग या तिन्हींच्या जागा बदलायला सांगितल्या. दोघांच्याही हातात होकायंत्र नव्हते, मोबाइल होता. वास्तुशास्त्रावर माझा फारसा विश्वास नाही. पण एकच दार चार दिवसांच्या अंतराने दोन दिशांना कसे पाहू लागते, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. म्हणून नवी पेठेतल्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी चौदाशे रुपयांचे होकायंत्र विकत आणले. दहा महिने ते घरात, गच्चीवर आणि रस्त्यावर वापरून झाल्यावर हा आढावा लिहीत आहे.

दुकानात आधी किल्ल्यांच्या जुडग्याला लावण्याजोगे, पितळी रंगाचे, एकशे वीस रुपयांचे होकायंत्र समोर आले. त्याची सुई काचेला घासत होती आणि डबी जरा कलती केली की दर वेळी नवीच उत्तर दाखवत होती. ते शोभेच्या वस्तूंमध्ये धरावे. मी घेतले ते वेगळ्या बनावटीचे आहे. पंजाएवढी पारदर्शक प्लास्टिकची आयताकृती पट्टी, तिच्यावर द्रवाने भरलेली गोल डबी, डबीभोवती ३६० अंशांच्या खुणांची फिरती तबकडी, पट्टीवर पुढची दिशा दाखवणारा बाण, एक लहान भिंग, कडेला सेंटिमीटरची मोजपट्टी आणि गळ्यात अडकवण्यासाठी दोरी, एवढा सगळा ऐवज आहे. ही रचना १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये घडली. त्यापूर्वी सुई आणि कोनमापक ही दोन वेगळी साधने सांभाळावी लागत. ती एकत्र आणल्यामुळे नकाशावरचा कोन आणि जमिनीवरचा कोन एकाच तबकडीवर वाचता येऊ लागला. डबीतल्या द्रवामुळे सुई दोन-तीन सेकंदांत स्थिर होते, ही सोय किती मोलाची आहे हे त्या एकशे वीस रुपयांच्या डबीतली थरथरणारी सुई पाहिल्यावरच कळते.

सोबतचे सूचनापत्रक मात्र इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि चुकीच्या क्रमाने छापलेले आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या साधनाला मराठीत एक पान असायला हरकत नव्हती, म्हणून पद्धत इथेच लिहिते. ज्या दिशेचा कोन हवा तिकडे पट्टीवरचा बाण रोखावा, साधन आडवे धरावे, डबीच्या तळाशी कोरलेला बाण सुईच्या लाल टोकाखाली येईपर्यंत तबकडी फिरवावी आणि पट्टीवरच्या रेघेशी आलेला आकडा वाचावा. ० म्हणजे उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. मला हे दहा मिनिटांत जमले. आमच्या यांना आठवडा लागला, कारण ते तबकडी फिरवण्याऐवजी स्वतःच गोल फिरत राहिले आणि सुई आपल्याबरोबर का वळत नाही म्हणून तिच्यावर चिडत राहिले.

पहिले मोजमाप मी नव्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून घेतले आणि तिथेच या साधनाची पहिली अट समजली. दाराच्या डाव्या चौकटीपाशी ९६ अंश, उजव्या चौकटीपाशी १३०, आणि मधोमध एकदा १०४ तर एकदा १२१ असे आकडे आले. यंत्र बिघडलेले नव्हते. आरसीसीच्या खांबातल्या सळया, खिडकीची जाळी, पलीकडच्या खोलीतले लोखंडी कपाट आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ, असे सगळेच सुईला आपापल्या बाजूला ओढत होते. लोखंड आणि वीज यांचा हा उपद्रव जुनाच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. जिथे वेधशाळेला गाव सोडावे लागले, तिथे सिमेंट-सळईच्या इमारतीतल्या सुईकडून काय अपेक्षा ठेवायची?

मोबाइलची गोष्टही याहून निराळी नाही. त्याच्या आत चुंबकत्व मोजणारा एक सूक्ष्म घटक असतो आणि तो याच सळयांना, याच कपाटाला भुलतो; शिवाय पाकिटासारखे झाकण असलेल्या पुष्कळ कव्हरांमध्ये चुंबक बसवलेला असतो आणि तो फोनच्या अंगालाच चिकटलेला राहतो. आमच्याकडे आलेल्या पहिल्या जाणकारांच्या फोनला नेमके असेच कव्हर होते. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांकडून चांगले कळते, पण आपण कोणीकडे तोंड करून उभे आहोत हे उपग्रह सांगू शकत नाहीत. चालू लागल्यावर दोन ठिकाणांमधल्या फरकावरून फोन दिशा ताडतो. उभे असताना मात्र त्याची सगळी भिस्त त्या चुंबकीय घटकावर असते. हवेत आठचा आकडा काढून फोन फिरवायला सांगतात तो हाच घटक ताळ्यावर आणण्यासाठी.

त्यानंतर मी इमारतीपासून चाळीस पावले दूर, मोकळ्या मैदानात गेले, घड्याळ काढून ठेवले आणि दर्शनी भिंतीशी काटकोनात बाण रोखून कोन घेतला. आमचे दार त्या भिंतीलाच समांतर आहे, त्यामुळे भिंतीचा कोन कळला की दाराचा कळतो. सहा वेळा मोजले. आकडा दर वेळी १११ ते ११३ च्या दरम्यान, बहुतेकदा ११२ आला. हौसेखातर एवढे पैसे घातले, असे तोवर घरातले सगळेच म्हणत होते. पण या आकड्याने दोन्ही जाणकारांचे भांडण क्षणात उलगडले.

आठ दिशांमध्ये वर्तुळ वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात. पूर्वेचा वाटा ९० च्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंश, म्हणजे साडेसदुसष्ट ते साडेएकशे बारा अंशांपर्यंत असतो. तिथून पुढे आग्नेय सुरू होते. आमचे दार ११२ अंशांवर आहे. पूर्व आणि आग्नेय यांच्या सीमेपासून ते अर्ध्या अंशावर उभे आहे, आणि या होकायंत्राच्या तबकडीवर खुणा दोन-दोन अंशांच्या आहेत! म्हणजे जो वाद मिटवण्यासाठी मी हे साधन आणले तो मिटवणे त्याच्या कुवतीबाहेरचे आहे, आणि हे त्यानेच मला प्रामाणिकपणे दाखवून दिले. फोनच्या पडद्यावर मात्र ११२ किंवा ११३ असा एकच आकडा ठसठशीत उमटतो आणि आपली मर्यादा कुठेच सांगत नाही. मला या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच वाटला की त्याच्या खुणांमधली जागा डोळ्यांना दिसते.

सुई खरी उत्तर दाखवते की नाही, हे तपासण्यासाठी पंचवीस डिसेंबरची सुट्टी कामी आली. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी केली, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढले, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवले तिथे एक खूण आणि दुपारी परत शिवले तिथे दुसरी खूण केली. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. ही रीत माझी नव्हे. यज्ञवेदी आखण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, हीच कृती सांगितलेली आहे आणि पुढच्या ज्योतिषग्रंथांनीही ती घेतली. दिशा शोधण्याचा आपल्याकडचा खरा शास्त्रोक्त मार्ग काठी, दोरी आणि ऊन एवढ्याच भांडवलावर चालतो. दोन्ही जाणकारांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता, याचे मला थोडे वाईट वाटले. डिसेंबरच्या अखेरीस सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर, दिवसभरात फारशी बदलत नाही, त्यामुळे रेघ चांगली येते. भर माध्यान्हीला त्या काठीची सावली सुमारे ८७ सेंटिमीटर भरली.

आपली माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, हेही त्या दिवशी घरातल्या मुलांना प्रथमच कळले. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर चालते आणि सोलापूर ७५.९ वर आहे, म्हणून इथला सूर्य सुमारे सव्वीस मिनिटे मागे असतो. पंचवीस डिसेंबरला तो बारा वाजून सव्वीस मिनिटांच्या आसपास बरोबर दक्षिणेला येतो. जुन्या काळची मध्यरेषा उज्जैनवरून धरलेली होती आणि सोलापूर तिच्या पूर्वेला पंधरा किलोमीटरच्या आसपासच आहे. ती पद्धत टिकली असती तर त्या दिवशी आपली घड्याळे आणि आपल्या सावल्या यांच्यात मिनिटभराचाही फरक पडला नसता. गच्चीवरची रेघ आणि होकायंत्राची सुई यांच्यात मला एका खुणेपेक्षा कमी अंतर दिसले. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमीच आहे, त्यामुळे परदेशी पुस्तकांतली त्यासाठीची बेरीज-वजाबाकी इथे रोजच्या कामाला करावी लागत नाही. आमच्या अर्ध्या अंशाच्या वादाला मात्र ती लागली असती, आणि म्हणूनच मी त्या वादाचा नाद सोडला.

सासूबाईंनी तो सोडला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की सूर्य दारासमोर उगवतो, तेव्हा दार पूर्वेचेच. यंत्राला काय विचारायचे? त्यांचे निरीक्षण अगदी खरे होते. आम्ही राहायला आलो ते संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात. मकर संक्रांतीला सोलापुरात सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही, तर पूर्वेपासून सुमारे बावीस अंश दक्षिणेकडे, म्हणजे ११२ अंशांच्या जवळपास उगवतो. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला पहाटे उठलेल्या सासूबाईंना सूर्य बरोबर दाराच्या रेषेत दिसला तो यामुळे. २१ मार्चच्या सुमारास तो उत्तरेच्या बाजूला सरकला आणि जून महिन्यात पूर्वेपासून पंचवीस अंश उत्तरेला जाऊन शेजारच्या इमारतीआड गेला. ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे शाळेतले वाक्य वर्षातून दोनच दिवस पूर्ण खरे असते. बाकीचे दिवस ते गोळाबेरीज असते. सोलापुरात तर ११ मेच्या आसपास आणि २ ऑगस्टच्या आसपास माध्यान्हीला सावलीच नाहीशी होते आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आम्ही घेतले नाही आणि दोन पडद्यांचा खर्च वाया गेला.

अशी गोळाबेरीज आपण सगळीकडेच करतो. सदनिकेच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या आहेत : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक गाळा, दक्षिणेस जिना, उत्तरेस मोकळी जागा. बावीस अंश तिरकी असलेली इमारत त्या चार ओळींत मुकाट्याने सरळ झाली आहे. यात कोणी लबाडी केली असे नाही. चारच कप्पे असले की प्रत्येक वस्तूला त्यांपैकी एकात बसावे लागते. माणसाचे डोकेही असेच कप्पे करते, हे मानसशास्त्रात चांगले अभ्यासले गेले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की लोक आठवणीतला तिरका नकाशा नकळत सरळ करून ठेवतात. कॅलिफोर्नियातले बर्कली स्टॅनफर्डच्या पूर्वेला आहे असे तिथल्या बहुतेकांना वाटते, प्रत्यक्षात ते किंचित पश्चिमेला आहे.

सोलापूरकरांचा आगगाडीचा रूळ हे याचे आपल्या घरचे उदाहरण आहे. मुंबईची गाडी पश्चिमेला जाते आणि हैदराबादची पूर्वेला, असे आपण सगळे धरून चालतो आणि म्हणून स्टेशनातला रूळही पूर्व-पश्चिम असल्याचे मनात पक्के बसते. फलाटावर होकायंत्र काढण्यात अर्थ नाही, कारण चहूकडे लोखंड. पण नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर बाळे स्टेशनाकडून होटगी स्टेशनाकडे जाणारा हा मार्ग सरळसरळ वायव्येकडून आग्नेयेकडे उतरतो. ज्याच्या मनात रूळ आडवा आहे त्याच्या मनात रुळापलीकडची सगळी वस्तीही तेवढीच तिरकी होऊन बसते. सातारा सोलापूरच्या कुठल्या दिशेला, असे मी कार्यालयात विचारले तेव्हा बहुतेकांनी नैऋत्य सांगितली. ‘दक्षिण महाराष्ट्र’ या नावाने साताऱ्याला खाली ओढले होते. सोलापूर, पंढरपूर आणि सातारा ही तिन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नाक उत्तरेला ठेवून सोलापूरहून निघालो तर इंदूरजवळ पोहोचतो, हे सांगितल्यावर तर एका सहकाऱ्याने मोबाइल काढून खात्री करून घेतली.

दिशांची नावे आपल्या शहरात जागोजागी आहेत, पण त्यांचा दिशेशी संबंध सैल झाला आहे. उत्तर कसबा, दक्षिण कसबा, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर हे तालुके, ही सगळी नावे पत्त्यात लिहिण्यापुरती उरली आहेत. ‘पूर्व भाग’ म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे दिशा येत नाही, मागांची खडखड आणि तेलुगू बोलणारी माणसे येतात. वाट सांगताना आपण ज्या गावाला रस्ता जातो त्याचे नाव घेतो : पुणे रोड, तुळजापूर रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड. वेशी गेल्या, तरी विजापूर वेस आणि तुळजापूर वेस ही नावे त्याच हिशेबाने उरली. रिक्षावाल्याला उत्तर कोणती असे विचारून पाहावे, तो म्हणेल, “सरळ जावा, पुढं सात रस्ता लागंल, तिथनं खाली उतरा.” हे ‘खाली’ कधी उताराचे असते, तर कधी नुसत्या सवयीचे. फोनमधल्या नकाशाची बाई निघतानाच वायव्येकडे जायला सांगते तेव्हा सोलापुरातला माणूस गाडी सुरू करून आधी कोणत्या तरी बाजूला दहा फूट जातो आणि मग बाण कुठे वळतो ते पाहतो. मीही तेच करते.

दिशा शब्दांत जिवंत आहे ती शेतात. मोहोळकडच्या माझ्या मावशी आजही ‘मावळतीकडचा बांध’ आणि ‘उगवतीच्या अंगाची विहीर’ असेच बोलतात. आमच्या शेजारच्या कन्नड आजी पूर्वेला मूडण म्हणतात, त्यातही उगवणेच आहे. पडुवण म्हणजे पश्चिम, त्यात सूर्याचे मावळणे आहे. संस्कृत शब्दांत तर माणूसच पूर्वेला तोंड करून उभा आहे : पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे पाठीमागची आणि दक्षिण म्हणजे उजवी. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा, आणि आपला दख्खन हा अख्खा प्रदेश कोणाच्या तरी उजव्या हाताला पडलेला. उत्तर ऑस्ट्रेलियातले गूगू यिमिथिर भाषक याच्याही पुढे गेलेले आहेत. त्यांच्या बोलण्यात डावे-उजवे जवळजवळ नाहीच. पायाजवळ मुंगी असेल तर ती पायाच्या उत्तरेला आहे असे ते सांगतात, आणि त्यासाठी त्यांना घरात, अंधारात, प्रवासात सदैव दिशेचे भान ठेवावे लागते. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. असे भान आपल्याला नाही, आणि चौदाशे रुपयांत ते मिळतही नाही.

जे मिळते ते नकाशा वळवण्याचे धैर्य, आणि या साधनाचा खरा उपयोग मला तिथे झाला. शाळेत आपण भिंतीवरचा नकाशा पाहिला, त्यामुळे ‘वर उत्तर’ हे इतके मुरले आहे की कागद फिरवणे म्हणजे अडाणीपणा वाटतो. वास्तविक हा निव्वळ संकेत आहे. अल्-इद्रीसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर आहे, मध्ययुगीन युरोपच्या जगाच्या नकाशांत बहुधा पूर्व वर असे, आणि चिनी भाषेत होकायंत्राचे नावच ‘दक्षिण दाखवणारी सुई’ असे आहे. अपोलो १७ च्या यात्रींनी ७ डिसेंबर १९७२ रोजी टिपलेले पृथ्वीचे विख्यात छायाचित्रही मुळात दक्षिण वर असलेले होते. ते उलटे फिरवून प्रसिद्ध केले गेले.

शहरातल्या एका उद्यानाबाहेर ‘आपण येथे आहात’ असा लाल ठिपका असलेला फलक आहे. त्याच्यापुढे उभे राहिले की आपले तोंड दक्षिणेकडे होते आणि नकाशात मात्र उत्तर वर आहे, त्यामुळे फलकावर डावीकडे दिसणारे तळे प्रत्यक्षात उजवीकडे लागते. गेल्या हिवाळ्यात तासाभरात तीन कुटुंबांना मी तिथून उलट्या बाजूला जाताना पाहिले. जे समोर आहे ते नकाशात वर असावे, एवढाच नियम फलक बसवणाऱ्याने पाळायला हवा होता. मार्विन लेव्हीन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्येच अशा फलकांची ही खोड प्रयोगांनी दाखवून दिली होती. फोनमध्ये दिशेनुसार नकाशा फिरण्याची सोय असते, पण नकाशा सतत फिरत राहिला की गावाचे एकसंध चित्र मनात बसत नाही, असा माझा अनुभव आहे. छापील नकाशा होकायंत्राच्या पट्टीखाली ठेवून, सुईप्रमाणे एकदाच वळवून, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर मी अर्धा तास उभी राहिले. तेव्हा तलाव, किल्ला, पार्क चौक आणि स्टेशन ही चार ठिकाणे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात आपापल्या जागी बसली. सोलापुरात जन्म काढलेल्या बाईने हे लिहिताना थोडी लाज वाटते.

आता दोष. सुईचे पांढरे टोक आडव्या पातळीपेक्षा किंचित खाली झुकलेले असते आणि डबी थोडी कलती झाली की तळाला टेकते. याचे कारण सरळ आहे. पृथ्वीचे चुंबकीय बल सुईचे उत्तर टोक जमिनीकडे ओढते. उत्तर युरोपात ही ओढ सत्तर अंशांच्या आसपास असते, म्हणून तिथल्यासाठी बनवलेल्या सुईच्या दक्षिण टोकाला वजन लावून ती समतोल करतात. आपल्याकडे ती ओढ जेमतेम वीस-पंचवीस अंशांची आहे, त्यामुळे तेच वजन इथे जास्त होते. खोक्यावर साधन कोणत्या प्रदेशासाठी आहे याचा उल्लेख नव्हता. घेणाऱ्याने दुकानातच ते आडवे धरून सुई मोकळी फिरते का ते पाहावे. मेच्या उन्हात गाडीत राहिल्यावर डबीत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा आला आणि तो अजून गेलेला नाही. वाचनात त्याने फरक पडत नाही, पण तो वाढला तर पडेल. तबकडीवरचे आकडे अंगठ्याच्या जागी पुसट होऊ लागले आहेत. आणि आपल्या बेसाल्टच्या काळ्या खडकावर होकायंत्र टेकवून मोजू नये. त्यातल्या लोहयुक्त कणांमुळे काही ठिकाणी सुई चार-सहा अंशांनी फसते. हा यंत्राचा दोष नव्हे, पण सूचनापत्रकात एक ओळ हवी होती.

नुसती गावातली पत्त्याची शोधाशोध असेल तर हे साधन घेऊ नये. त्याला फोन पुरेसा आहे. घर घेताना किंवा गच्चीवर सौर पत्रे बसवताना दिशा पाहायची असेल, शेताचा गटनकाशा जमिनीशी ताडून पाहायचा असेल किंवा मुलांना भूगोल शिकवायचा असेल, तर चौदाशे रुपये जास्त नाहीत, मात्र मोजायला घराबाहेर पडावे. दोन अंशांपेक्षा बारीक उत्तर हवे असेल तर काठी आणि खडू याहून स्वस्त पडतात.

बुडबुड्याबद्दल मी दुकानदारांना विचारले तेव्हा वर्षाच्या आत पावती आणल्यास बदलून देऊ असे ते म्हणाले. पावती खरेदीखताच्या फायलीत, चतुःसीमेच्या पानामागे सापडली आहे. मुदतीला अजून दोन महिने आहेत. दरम्यान सासूबाईंनी देवघर ईशान्येला हलवून घेतले, त्यासाठी होकायंत्र माझ्याकडून मागून नेले आणि लोखंडी कपाटाशेजारी उभ्या राहून दिशा ठरवली.